१०६०, ३०६० आणि ४०६०: एका वरातीच्या फुटेजवर तीन कार्डं

माझं जुनं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरमधलं चित्रांचं आणि व्हिडिओचं काम ओढणारं कार्ड, महापुरातून वाचलेलं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले तेव्हा गावभागातल्या आमच्या तळमजल्यावर पुरुषभर पाणी होतं. पाणी चढायच्या आदल्या रात्री नवरा आणि मी, दोघांच्या अंगात एकच जड वस्तू जिन्यानं वर न्यायची ताकद उरली होती. आम्ही फ्रीज खाली सोडला आणि कॉम्प्युटर वर नेला. सासूबाई ते अजून विसरलेल्या नाहीत. पण त्या कॅबिनेटमध्ये तीन लग्नांचं द्यायचं राहिलेलं फुटेज होतं, आणि २०१८ च्या दिवाळीत घेतलेलं एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स १०६०, सहा जीबी मेमरीचं. फ्रीज गेला. कार्डानं पुढं पाच वर्षं काम केलं.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. शूटिंग नाही, फक्त एडिटिंग. सांगली, मिरज, तासगाव, जत इकडचे सात-आठ फोटोग्राफर डिस्का आणून देतात. तुळशीचं लग्न लागलं की माझ्या टेबलावर डिस्कांची चळत लागते, ती मे महिना संपेपर्यंत हलत नाही. गेम मी खेळत नाही. कार्डांबद्दल जे काही वाचायला-बघायला मिळतं ते सगळं गेमच्या फ्रेमरेटवर तोललेलं असतं, आणि माझ्यासारखीला त्यातून काही कळत नाही. म्हणून हे लिहितेय. तीन कार्डं, एकच मशीन, एकच लग्न.

मशीन आधी सांगते, कारण पुढं त्यावरच घोडं अडणार आहे. इंटेल आय-५ ८४००, बी३६० बोर्ड, ३२ जीबी रॅम, आणि डाव्हिन्ची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची विकतची स्टुडिओ आवृत्ती. प्रोसेसर आणि बोर्ड २०१८ चेच.

१०६० ला काय धाड भरली होती? खरं तर काहीच नाही. २०१८ मध्ये आमचे लोक फुल एचडी शूट करायचे आणि ते कार्ड लोण्यासारखं चालायचं. मग सगळे फोर-के वर गेले. मग 'सिनेमॅटिक' आलं. आता नवरीच्या भावाला वरात पण सिनेमासारखी पाहिजे असते. वरात म्हणजे रात्रीचे अकरा, डीजेचे जांभळे लाईट, काळोखात नाचणारी माणसं आणि कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे काळोखात बघायची ताकद, आभाळाला भिडलेला. पडद्यावर मुंग्या नुसत्या वळवळतात. त्या मुंग्या, म्हणजे नॉईज, काढायला बसलं की १०६० हात वर करायचं. पडद्यावर सूचना यायची: 'युअर जीपीयू मेमरी इज फुल.' २०२३-२४ च्या मोसमात ती सूचना मी सासूबाईंच्या टोमण्यांपेक्षा जास्त वेळा बघितली.

मोसम संपल्यावर कार्ड उघडलं. चिपवरची पेस्ट वाळून कपाळावरच्या जुन्या गंधासारखी पोपडे धरलेली. साफ केलं, नवी पेस्ट लावली, तापमान ८३ वरून ७१ वर आलं. पंख्याचा आवाज गेला, मेमरीची सूचना गेली नाही. सहा जीबीचे आठ जीबी काय पेस्टनं होत नाहीत.

दिवाळीच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, नवीन ते नवीन. चाळीसचं घ्या, तीसचं कशाला? पिढी बदलली." आरटीएक्स ४०६०, आठ जीबी, जीएसटी धरून एकोणतीस हजार पाचशे. घेतलं. घरी येऊन भाच्याला फोन केला. तो विश्रामबागेत राहतो, इंजिनिअरिंगला आहे, आणि त्याच्याकडं २०२२ मध्ये घेतलेलं ३०६० होतं, बारा जीबीचं. तो म्हणाला, "आत्या, नंबर बघून कार्ड घेतात व्हय? थांब, मी माझं घेऊन येतो, लावून बघू."

कागदावर बघितलं तर गंमतच आहे. १०६० जुलै २०१६ चं: १२८० कोअर, म्हणजे काम करणारे हात, आणि सहा जीबी. ३०६० फेब्रुवारी २०२१ चं: ३५८४ कोअर, बारा जीबी. ४०६० जून २०२३ चं: ३०७२ कोअर, आठ जीबी. म्हणजे पिढी पुढं गेली आणि कोअरही कमी झाले, मेमरीही. मेमरीकडं जाणारा रस्ता पण १९२ बिटचा होता तो १२८ चा केला. सेकंदाला ३०६० वर ३६० जीबी माल ये-जा करू शकतो, ४०६० वर २७२. मी भाच्याला विचारलं, "मग हे जोरात पळतं ते कशाच्या जिवावर?" तो म्हणाला, एक तर घड्याळ, म्हणजे चिपचा वेग. ३०६० चा बूस्ट, म्हणजे जोरातला वेग, १७७७ मेगाहर्ट्झ, ४०६० चा २४६०. आणि दुसरं, चिपच्या पोटातली कॅश, म्हणजे हाताशी असलेली छोटी मेमरी: ३०६० ला तीन एमबी, ४०६० ला चोवीस. ते मला लगेच पटलं. हिंग, मोहरी, हळद हाताशी मिसळणाच्या डब्यात असली तर माळ्यावरच्या बरण्यांपर्यंतची वाट अरुंद असली तरी फोडणी करपत नाही. मात्र पंगत शंभराची असली तर डबा पुरत नाही, मग माळ्यावर चढावंच लागतं. हे वाक्य लक्षात ठेवा, वरातीत परत येणार आहे.

आता मोजमाप. तासगावकडचं एक लग्न घेतलं, चार कॅमेरे आणि एक ड्रोन. वेळ मोबाईलच्या घड्याळावर मोजली. प्रत्येक कार्डावर दोनदा, मधे मशीन बंद करून. भाचा वहीत लिहीत होता.

पहिलं, बारा मिनिटांची हायलाईट. फोर-के, सगळीकडं रंगकाम, साधारण निम्म्या भागावर नॉईज काढलेला. १०६० ला लागला एक तास बावन्न मिनिटं. ३०६० ला एकोणपन्नास. ४०६० ला त्रेचाळीस. १०६० वरून कुठंही उडी मारा, जेवून येईपर्यंत काम तयार. ३०६० आणि ४०६० मध्ये सहा मिनिटांचा फरक, म्हणजे एक चहा.

दुसरं, पूर्ण फिल्म. तीन तास दहा मिनिटांची, फुल एचडी, हलकं रंगकाम, नॉईजला हात नाही. हेच माझं रोजचं काम आहे, माझं दुकान चालतं ते याच्यावर. १०६०: अठ्ठावन्न मिनिटं. ३०६०: सत्तेचाळीस. ४०६०: शेहेचाळीस. मी वही हिसकावून घेतली, म्हटलं चुकलं असेल. परत लावलं. तेच. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसरचे सहाच्या सहा कोअर शंभराला टेकलेले आणि नवं कार्ड चाळीस टक्क्यांवर हात बांधून उभं. आमचा आयर्विन पूल आहे तेवढाच आणि गाड्या मात्र नव्या-नव्या, तसला प्रकार. साडेएकोणतीस हजारांत बारा मिनिटं विकत घेतली, असं त्या रात्री जेवताना नवऱ्यानं दोनदा म्हणून दाखवलं.

तिसरं, वरात. मुळात या दीड मिनिटासाठीच कार्ड बदललं. फोर-के, मागच्या-पुढच्या पाच फ्रेम बघून नॉईज काढणारा फिल्टर, आणि वरून मॅजिक मास्क. हा मास्क नवरीला गर्दीतून वेगळं ओळखतो, मग तिचा चेहरा तेवढा उजळता येतो. १०६०: मेमरी फुल. अपेक्षितच होतं. ४०६०: कधी मेमरी फुल, कधी सूचना न देता नुसतं रांगणं, सेकंदाला अर्धी फ्रेम. दोनदा लावलं, दोनदा मधेच बंद केलं. ३०६०: अकरा मिनिटं, न कुरकुरता.

नवं कोरं कार्ड अडलं आणि दोन-अडीच वर्षं जुनं पार झालं. कारण साधं आहे. आठ जीबी भरले की उरलेला माल कॉम्प्युटरच्या रॅममध्ये ठेवावा लागतो आणि बोर्डावरच्या रस्त्यानं न्यावा-आणावा लागतो. ३०६० ला त्या रस्त्याच्या सोळा लेन आहेत. ४०६० ला आठच दिल्यात. या रस्त्याचं नाव पीसीआयई. बोर्ड पीसीआयई ४.० चा असेल तर आठ लेनही सहज पुरतात, कारण प्रत्येक लेन दुप्पट वेगाची. माझा बोर्ड ३.० चा. म्हणजे निम्म्या लेन, त्या पण जुन्या वेगाच्या, आणि त्यावरून माळ्यावरच्या बरण्या आणायच्या. खोक्यावर हे कुठं ठळक लिहिलेलं नसतं. जुन्या मशीनला नवं कार्ड लावणारे माझ्यासारखेच जास्त असतील, त्यांनी हे आधी बघावं.

आता माझी खरी फजिती. सगळ्यात जास्त आशा होती ती टाइमलाईन न अडकता चालण्याची. आमच्यातल्या दोघा फोटोग्राफरांनी नवे सोनी कॅमेरे घेतलेत आणि ते फुशारकीनं दहा-बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे नेहमीच्या ४:२:० पेक्षा रंगाची जास्त माहिती ठेवून, शूट करतात. ते फुटेज १०६० वर अडकत चालायचं. ४०६० लावलं, अडकत चालायचं. ३०६० लावलं, तेच. एनव्हिडियाच्या या तिन्ही पिढ्यांत ४:२:२ उलगडायची सोयच नाही. ४:२:० असेल तर कार्ड स्वतः उलगडतं, ४:२:२ आलं की बिचाऱ्या प्रोसेसरच्या गळ्यात. ही सोय एनव्हिडियानं २०२५ मध्ये ५० च्या मालिकेत आणली. गंमत म्हणजे इंटेलच्या अकराव्या पिढीपासून डेस्कटॉप प्रोसेसरातल्या फुकटच्या ग्राफिक्सलाही एच.२६५ या व्हिडिओच्या फॉरमॅटमधलं ४:२:२ जमतं. माझा आठव्या पिढीचा, त्याला नाही. म्हणजे फोटोग्राफर सांगतील तेच फुटेज कापायचं असेल तर कार्डाआधी प्रोसेसर बदलणं शहाणपणाचं. मी काय केलं? रात्री प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या नकला, बनवायला लावते आणि झोपते. सकाळी सगळं पाण्यासारखं चालतं. हे १०६० वर पण जमलं असतं.

एव्ही१ चं, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या नव्या फॉरमॅटचं, पण सांगून टाकते. ४०६० एव्ही१ मध्ये एक्सपोर्ट करतं, ३०६० ला ते येत नाही, फाईल लहान होते, वगैरे वगैरे. खरं आहे. पण माझं गिऱ्हाईक पेनड्राइव्ह टीव्हीला लावून बघतं. जतच्या मामांच्या जुन्या टीव्हीवर एव्ही१ चालणार नाही आणि फोन मला येणार. मी एच.२६४ देते.

विजेच्या बाबतीत मात्र ४०६० ला मार्क द्यावेच लागतील. १०६० चा कमाल खप १२० वॉट, ३०६० चा १७०, ४०६० चा ११५. सात वर्षांत काम दुप्पट-तिप्पट आणि वीज पाच वॉट कमी, हे कौतुकाचंच. माझ्याकडं सहाशे व्हीएचा यूपीएस आहे. ४०६० वर एक्सपोर्ट चालू असताना लाईट गेली तर काम थांबवून, सेव्ह करून, मशीन नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो. ३०६० असताना गेली तेव्हा यूपीएसनं अशी किंकाळी फोडली की खालून सासूबाई काय झालं म्हणून ओरडल्या. मोसमातल्या भर कामाचा हिशेब केला: रोज सहा तास, चार महिने, पंचावन्न वॉटचा फरक, म्हणजे साधारण चाळीस युनिटं. बिलात ते दिसणार नाही, पण एप्रिलमध्ये दुपारी खोलीत जाणवतं. सांगलीचा एप्रिल, वर पत्रा, आणि पायाशी १७० वॉटची शेगडी.

भाच्याला अर्थात यातल्या कशाशीच देणंघेणं नव्हतं. त्यानं माझं ४०६० आपल्या मशीनला लावून रविवारभर सायबरपंक खेळून बघितलं. त्याचा प्रोसेसर रायझन ५ ५६००, बोर्ड पीसीआयई ४.० चा, म्हणजे कार्डाला पूर्ण रस्ता मोकळा. फुल एचडीत, हाय सेटिंगला ३०६० वर साठच्या आसपास, ४०६० वर सत्तरच्या पुढं. मग फ्रेम जनरेशन चालू केलं आणि आकडा एकशे दहाला गेला. पोरगं खुर्चीतून उठलं.

मी त्याच्या मागं उभी राहून बघत होते. मला त्यात आमचा धंदा दिसला. दोन खऱ्या फ्रेमच्या मधली एक फ्रेम कार्ड स्वतःच्या मनानं तयार करतं. आम्ही साध्या फुटेजचं स्लो मोशन करताना ऑप्टिकल फ्लो लावतो, तो हाच प्रकार. हार घालताना नवरीचा हात नवऱ्याच्या फेट्यासमोरून जातो ना, त्या ठिकाणी बांगड्या वितळल्यासारख्या होतात, कारण मधल्या क्षणी हाताच्या मागं काय होतं ते सॉफ्टवेअरला माहीत नसतं, ते अंदाज बांधतं. मी भाच्याला म्हटलं, "गाडीच्या आडून खांब जातो तिथं थांब जरा." थांबला. कडा किंचित चरबटलेली होती. "आत्या, खेळताना कोण बघतंय ते?" बरोबर आहे. खेळताना नाही दिसत. पण एकशे दहातल्या निम्म्या फ्रेम कल्पनेच्या आहेत हे जाहिरातीतल्या उंच पट्ट्यांकडं बघताना ध्यानात ठेवावं. हाताला जाणवणारी चपळाई वाढत नाही, नजरेला गुळगुळीत दिसतं. एनव्हिडियाची ही सोय ३०६० ला नाही. आणि माझ्या एक्सपोर्टला तिचा कणभर उपयोग नाही.

व्हॅलोरंट हा दुसरा गेम त्यानं माझ्या मशीनवर पण लावून बघितला, १०६० आणि ४०६० दोन्हीवर. फरक इतका थोडा की वहीत लिहिलाच नाही. परत तो प्रोसेसर.

रविवारी संध्याकाळी भडंग खाता खाता भाचाच म्हणाला, "आत्या, अदलाबदल करूया का?" त्याला वेग आणि फ्रेम जनरेशन पाहिजे, मला मेमरी पाहिजे. वर पाच हजार देतो म्हणाला. शिकणाऱ्या पोराकडून कसले पैसे घ्यायचे, हेडफोन घेऊन दे म्हटलं. तेव्हापासून माझ्या मशीनमध्ये त्याचं ३०६० आहे. जाता जाता यूपीएस एक हजार व्हीएचा केला. त्यानंतरचा मोसम आणि आताचा, दोन्ही त्याच्यावर निघाले. मेमरीची सूचना एकदाच आली, तीही मी एकाच शॉटवर दोन मास्क ठेवले म्हणून.

कुणी ३०६० शोधत असेल तर डोळे उघडे ठेवा. याच नावाचं आठ जीबीचं कार्ड पण आहे, आणि त्याचा रस्ता पण १२८ बिटचा केलेला आहे. नाव तेच, खोकं तेच. १०६० लाही असंच तीन जीबीचं भावंड होतं, त्यात मेमरीच नाही तर कोअरही कमी, ११५२. आणि मला एकानं स्वस्तात एएमडी कंपनीचं 'आरएक्स ५८० आठ जीबी, नवं कोरं' दाखवलं होतं, ते निघालं २०४८ एसपी, म्हणजे नावाला ५८० आणि आत ५७० एवढेच कोअर. जुनी कार्डं घेताना मायनिंगची, म्हणजे आभासी चलन मिळवायला रात्रंदिवस राबवलेल्या कार्डांची, भीती सगळे घालतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडलं तेव्हा असली कार्डं बाजारात पोत्यांनी आली, हे खरं. मी म्हणेन आधी खोक्यावरचं बारीक अक्षर वाचा, मग मायनिंगची चौकशी करा.

राहता राहिलं १०६०. एनव्हिडियानं त्या पिढीसाठी नेहमीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. आता फक्त सुरक्षेचे अपडेट यायचे आहेत, ऑक्टोबर २०२८ पर्यंत. विकायला काढलं तर अडीच हजार सांगितले. विकलं नाही. दुसऱ्या मशीनमध्ये लावलंय. तिथं माझी मदतनीस मुलगी अल्बमची पानं लावते आणि साखरपुडे कापते, फुल एचडीतले. त्या कामाला ते अजून पुरून उरतं.

३०६० ची वॉरंटी २०२५ मध्येच संपली, ४०६० ची अजून शिल्लक आहे आणि बिल माझ्या नावावर, माझ्या ड्रॉवरमध्ये. भाच्यानं दोनदा मागितलं. हेडफोन अजून आलेले नाहीत.